ऑइलमध्ये फुलांचं स्थिरचित्र: फुलं कोमेजायच्या आत पूर्ण कसं करायचं?

निशिगंध_परळ

नमस्कार मंडळी, मी परळला राहते, शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, मग नोकरी, आणि आता इतक्या वर्षांनी रविवारच्या क्लासला जाऊन ऑइल शिकतेय. मला फुलांचं एक स्थिरचित्र करायचंय, अगदी जुन्या अकॅडमिक पद्धतीचं, म्हणजे गडद बॅकग्राउंड, एका बाजूने येणारा उजेड, फुलाला वजन आहे असं वाटलं पाहिजे, नुसते रंगाचे फटकारे नकोत. कॅनव्हास 18 बाय 24 इंच. मांडणी अशी की आजीचा पितळी तांब्या, त्यात पांढरी शेवंती, लाल गुलाब, निशिगंधाच्या दोन काड्या, खाली मरून रंगाची जुनी नऊवारी, आणि बाजूला दोन केळी आणि एक डाळिंब.

अडचण ही की शनिवारी सकाळी दादरहून फुलं आणते, ड्रॉइंग होईपर्यंत दुपार होते, आणि रविवारी बघावं तर गुलाब पूर्ण उघडून पाकळ्या गळायला लागलेल्या, निशिगंधाच्या कालच्या कळ्या आज उमललेल्या, म्हणजे कालचं ड्रॉइंग आणि आजचं फूल जुळतच नाही. पुढच्या शनिवारपर्यंत तर काही उरत नाही.

दुसरं म्हणजे पांढरी शेवंती. कितीही पांढरा लावला तरी ती सपाट आणि पांढरीफटक दिसते, फूल वाटतच नाही.

तिसरं, साडीचा मरून भाग सुकतच नाहीये, क्रिमसन आणि काळा मिसळून केलाय, आठवडा झाला तरी बोटाला लागतो. फोटो काढून त्यावरून करावं का? क्लासमध्ये दोन मतं आहेत. प्लीज सांगा, मला हे चित्र मनापासून नीट करायचंय.

जुना_जेजे

ताई, मांडणी चांगली आहे, ती बदलू नका, कामाचा क्रम बदला. फुलांच्या चित्रात सगळं एकदम पुढे सरकवायचं नसतं, जे आधी मरणार ते आधी रंगवायचं, आणि जे थांबू शकतं त्याला थांबवायचं. तांब्या कुठे पळणार नाही, साडी पळणार नाही, डाळिंबही दोन-तीन आठवडे तसंच राहील. गुलाबाकडे मात्र एकच दिवस आहे.

त्यामुळे पहिल्या शनिवारी फुलं आणायचीच नाहीत. तांब्या ठेवा, साडीच्या घड्या पाडून पिना लावून पक्क्या करा (घड्या हलल्या की ड्रेपरी गेली), आणि तांब्यात फुलांच्या जागी पांढऱ्या कागदाचे बोळे करून तारेवर खोचा, शेवंतीएवढा मोठा, गुलाबाएवढा छोटा. त्यावर उजेड टाका आणि चारकोलने पोस्टकार्डाएवढी स्केचेस काढा, जितकी जमतील तितकी. सगळ्यात उजळ जागा कुठे, सगळ्यात गडद कुठे, तांब्याच्या तोंडाची लंबवर्तुळं बरोबर बसली का, आणि फुलांचा एकूण आकार एक झुबका म्हणून कसा दिसतो, हे सगळं कागदाच्या बोळ्यांवर ठरतं. रचना ताज्या फुलांसमोर बसून ठरवायला घेतली की त्यातच अर्धा दिवस जातो आणि तेवढ्यात गुलाब उघडतो.

मग त्याच रविवारी कॅनव्हासवर बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि चिमूटभर अल्ट्रामरीन (निळा), टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून, पूर्ण कॅनव्हासभर पुसून घ्या आणि ओलं असतानाच उजेडाच्या जागा कपड्याने पुसून काढा. तपकिरीतच सगळं चित्र उभं राहतं. अंबर लवकर सुकतो त्यामुळे पुढच्या शनिवारी वरून काम करायला मोकळे.

पुढच्या शनिवारी फुलं. गुलाब घेताना अर्धवट उमललेले घ्या, दुपारपर्यंत ते हवे तेवढे उघडतात. मावळ-तळेगावकडचे पॉलीहाउसचे गुलाब जुडीने मिळतात ते गावठी गुलाबापेक्षा जास्त टिकतात, गावठी गुलाब दिसायला कितीतरी सुंदर पण संध्याकाळी पाकळ्या खाली. आणि शेवंती दांडीची मागा, वजनावर मिळणारी हाराची असते, तिला देठ नसतो. घरी आलात की देठ पाण्याखाली तिरके कापा आणि तासभर खोल पाण्यात ठेवा, मग मांडा.

बसलात की आधी गुलाब. एक गुलाब एका बैठकीत पूर्ण, ओल्यात ओलं, म्हणजे खालचा रंग ओला असतानाच वरचा. पाकळ्या मोजू नका. आधी पूर्ण गुलाब एक गोळा समजा, उजेडाकडची बाजू आणि सावलीकडची बाजू असे दोनच टोन लावा, मग मधला खळगा, मग उजेडात ज्या दोन-चार पाकळ्यांच्या कडा धारदार दिसतात तेवढ्याच धारदार, बाकीच्या कडा सावलीत हरवू द्या. गुलाबानंतर त्याच दिवशी निशिगंध, कारण त्याच्या कळ्या खालून वर उमलत जातात आणि रात्रीत काडीचा आकारच बदलतो. शेवंती रविवारी, ती पाणी बदलत राहिलात तर आठवडाभर सहज टिकते, फक्त तिची पानं फुलाच्या आधी मलूल होतात म्हणून पानंही रविवारीच उरका. तांब्या, साडी, डाळिंब, मागची भिंत हे सगळं त्यानंतरच्या आठवड्यांत.

आणि एखादा गुलाब राहिलाच तर पुढच्या आठवड्यात दुसरा आणा आणि तसाच खोचा. यात काही गैर नाही. 17व्या शतकातली नेदरलँड्समधली फुलांची चित्रं बघा, एकाच फुलदाणीत वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब असतो, म्हणजे तो गुच्छ तसा कधीच कोणाच्या टेबलावर नव्हता, एकेका फुलाचा अभ्यास करून, मोसमाप्रमाणे थांबून, चित्रात तो जुळवलेला आहे. रेचल रॉइश (1664–1750) ही त्यातली फार मोठी चित्रकार, दहा मुलांची आई, ऐंशी ओलांडल्यावरही रंगवत होती आणि सहीबरोबर आपलं वय लिहायची.

फटकारा_ठाणे

एवढा व्याप कशाला? आयफोनने फोटो काढा, टॅबवर लावा, आरामात महिनाभर करा. फुलं मरतायत म्हणून रडायचं कारण नाही. आजकाल सगळेच करतात आणि प्रदर्शनात विकलीही जातात ती चित्रं.

जुना_जेजे

फोटो जरूर काढा, पाकळ्यांची आठवण म्हणून तो कामाचा आहे, पण रंग आणि टोन त्यावरून घेऊ नका. लाल गुलाबाचा फोटो मोठा करून बघा, मधल्या पाकळ्या एकमेकींत मिसळून नुसता लाल डाग दिसतो, कारण इतक्या गडद लालला कॅमेऱ्याचा लाल चॅनल भरून जातो आणि बारीक फरक तिथेच संपतात. आणि गडद बॅकग्राउंड असलं की कॅमेरा सावल्या पार काळ्या करतो, प्रत्यक्षात त्या सावलीत साडीचा मरून, तांब्याचं पिवळं रिफ्लेक्शन, सगळं दिसत असतं. या ताईंना ज्या प्रकारचं चित्र हवंय त्याचा सगळा जीव त्या सावलीतच आहे. विकलं जाणं हा मुद्दा त्यांनी विचारलेलाच नाही.

ड्रॉइंग_मास्तर_गिरगाव

बाळा, तुझ्या शेवंतीबद्दल सांगतो. शाळेत आयुष्यभर पोरांना इंटरमिजिएटचं स्थिरचित्र शिकवलं आणि सगळ्यात जास्त पोरं पांढऱ्या वस्तूवरच अडायची, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

पांढऱ्या फुलात पांढरा रंग फार थोडा असतो. डोळे किलकिले करून बघ, शेवंतीचा निम्म्याहून अधिक भाग राखाडी दिसेल. ती शेवंती म्हणजे पालथी घातलेली वाटी समज, वाटीला जशी एक उजेडाची बाजू, एक मधला टोन, एक सावली आणि सावलीच्या कडेला खालून परत आलेला उजेड असतो तसंच सगळं हिला आहे, पाकळ्या नंतर. आधी पूर्ण वाटी मधल्या राखाडी टोनने भर. तो राखाडी ट्यूबमधल्या काळ्या-पांढऱ्याचा नको, मेलेला दिसतो, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून त्यात पांढरा घाल, मग सिएना वाढवला की उबदार, निळा वाढवला की थंड, हवा तसा फिरवता येतो. उजेड पिवळसर असेल तर सावली थोडी निळसर-जांभळट जाईल. आणि खालच्या पाकळ्यांत तुझ्या मरून साडीचा गुलाबी उजेड वर येतो, तो नीट शोध, तो सापडला की फूल साडीवर टेकलेलं दिसतं, नाहीतर चिकटवल्यासारखं.

मग फिलबर्ट (गोल टोकाचा चपटा) ब्रश, रंग भरपूर घेऊन, एक फटका एक पाकळी, बाहेरून आत. समोरच्या पाकळ्या आपल्याकडे येतात म्हणून आखूड दिसतात, त्या लांब काढल्यास की वाटी मोडली. पांढऱ्यात जरासा यलो ऑकर घालूनच लाव. नुसता टायटॅनियम व्हाइट सगळ्यात शेवटी, सगळ्यात उजेडातल्या फुलाच्या दोन-तीन पाकळ्यांवर, बस. बाकीच्या शेवंत्या त्याच्या खालच्याच टोनमध्ये राहिल्या पाहिजेत. सगळी फुलं सारखीच उजळ केलीस तर नजर कुठेच थांबणार नाही.

जाता जाता एक. फ्रान्सच्या अकॅडमीने 17व्या शतकात चित्रांची उतरंड लावली, वर इतिहास-पुराणाची चित्रं आणि स्थिरचित्र सगळ्यात खाली, कारण त्यात म्हणे माणूस नाही. मला हे कधीच पटलं नाही. पांढऱ्या शेवंतीची सावली ज्याला जमली त्याला माणसाच्या गालावरची सावलीही जमते, म्हणून तर शिकवताना आधी स्थिरचित्र आणि मग माणूस.

निशिगंध_परळ

सर, खूप खूप आभार, आणि जेजेवाले दादा तुमचेही. कागदाच्या बोळ्यांची आयडिया भारी आहे, या शनिवारी तेच करते. पण आमची खोली छोटी आहे, चाळ पाडून झालेली नवी बिल्डिंग, खिडकी उत्तरेला आहे पण समोर दुसऱ्या टॉवरची पांढरी भिंत, तिच्यावरून उजेड येतो आणि दर तासाला बदलतो. लाइट लावून करू का? आणि पंखा बंद ठेवला तर टर्पेन्टाइनचा वास घरभर, चालू ठेवला तर निशिगंध डुलतो. आणि तो मरून??

ओला_कॅनव्हास

उत्तरेच्या खिडकीचं पुस्तकातलं कौतुक युरोपातलं आहे ताई, मुंबईत ते वर्षभर लागू पडत नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, 19 अंशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणजे तेव्हा उत्तरेच्या खिडकीत सरळ ऊन येतं, आणि पावसाळ्यात ढग सरकतील तसा उजेड वरखाली. त्यात समोरची पांढरी भिंत, म्हणजे दोन दिशांचे उजेड, फुलाला दोन-दोन सावल्या. खिडकीला जाड पडदा लावा आणि एकच एलईडी दिवा, 5000 केल्विनच्या आसपासचा, ज्याच्या खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा जास्त लिहिलंय असा, मांडणीच्या वर डाव्या बाजूला. एलईडीच का, तर जुन्या पिवळ्या बल्बची किंवा हॅलोजनची उष्णता फुलांना तासाभरात झोपवते. तसलाच दुसरा दिवा कॅनव्हासवर, नाहीतर रात्री मिसळलेला रंग सकाळी भलताच दिसतो.

केळी तिथून आजच उचला! पिकलेल्या केळ्यातून इथिलीन वायू निघतो, त्याने फुलं लवकर म्हातारी होतात, तुमचे गुलाब रात्रीत उघडतात त्यात केळ्यांचाही हात असणार. केळी चित्रात हवीच असतील तर फुलं झाल्यावर, साडीच्या आठवड्यात ठेवा. रात्री गुलाब ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजमध्ये, पण फ्रीजमध्येही फळांपासून लांब.

पंखा बंद, खिडकी पडद्यामागून उघडी, आणि टर्पेन्टाइन फक्त पहिल्या अंबरच्या थरापुरता, तोही झाकणाच्या बाटलीत. त्यानंतर ब्रश जवसाच्या तेलात चोळून कपड्याला पुसा, मग साबण. टर्पेन्टाइन लागतच नाही.

आता मरून. ऑइल रंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि कुठला रंग किती वेळात सुकेल हे त्यातल्या पिगमेंटवर, म्हणजे रंगद्रव्यावर असतं. अंबरमध्ये मँगनीज असतं म्हणून तो झपाट्याने सुकतो. क्रिमसन आणि आयव्हरी ब्लॅक दोघंही सगळ्यात आळशी, तुम्ही नेमके हेच दोन एकत्र केलेत, वर मुंबईची दमट हवा. आताचा थर पूर्ण सुकू द्या, घाईने वर काही लावू नका, कारण खाली हळू सुकणारा आणि वर पटकन सुकणारा थर आला की काही काळाने तडे जातात. पुढच्या वेळी साडीची सावली बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनने करा, त्यात क्रिमसन नावापुरता, ती सुकली की वरून क्रिमसनचा तेलातला पातळ थर. रेशमाचा तो खोल लाल असाच येतो, काळा मिसळून नाही. थर जसजसे वर जातील तसतसं तेल वाढलं पाहिजे, खाली कधीच जास्त नको.

आणि कॅनव्हास सुकायला ठेवताना भिंतीकडे तोंड करून अंधारात ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, तुमची पांढरी शेवंती आधी मार खाईल. उजेडात ठेवलं की ते पिवळेपण बरंचसं उतरतं. ओल आलेल्या भिंतीपासून लांब, हवा लागेल असं ठेवा, नाहीतर बुरशी येऊ शकते. कॅनव्हास पावसात सैल पडला तर मागच्या कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोका.

तेलाने भिजलेले कपडे बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, हे फार महत्त्वाचं. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि दाबलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा आणि मग टाका. छोट्या घरात तर हे पाळायलाच हवं.

लाल_शाई

माझं रंगांबद्दल एकच पण कळकळीचं सांगणं आहे, ट्यूबचं नाव वाचू नका, मागचा पिगमेंट कोड वाचा. नुसतं क्रिमसन लिहिलेलं असतं आणि आत पीआर 83 म्हणजे अलिझारिन असू शकतं. अलिझारिन 1868 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं, तोवर मंजिष्ठाच्या वर्गातल्या मुळांपासून तो लाल काढत. रंग सुंदर, पण पातळ लावला किंवा पांढऱ्यात मिसळला की उजेडात उडतो. गुलाबाचा गुलाबी भाग म्हणजे नेमकं तेच, पांढऱ्यात मिसळलेलं क्रिमसन. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन घ्या, कोड पीव्ही 19, परमनंट रोज वगैरे नावाने मिळतो, थोडा महाग आहे पण टिकतो.

हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. व्हॅन गॉगने मे 1890 मध्ये गुलाबांची चित्रं केली ती गुलाबी होती, आज ते गुलाब जवळपास पांढरे दिसतात, कारण त्याने वापरलेला लाल लेक (विरघळणाऱ्या डायपासून केलेला रंग) उडून गेला. यान व्हॅन हॉयसम (1682–1749) म्हणजे फुलांच्या चित्रातला कळस, त्याच्या चित्रांतली काही पानं आता निळी दिसतात, कारण हिरव्यासाठी निळ्यावर जो पिवळा लेक दिला होता तो गेला आणि खालचा निळा उरला. इतका मोठा हात, पण पिवळ्याने साथ दिली नाही. म्हणून पानांसाठी तयार सॅप ग्रीन घेताना कोड बघा, किंवा सरळ यलो ऑकर आणि अल्ट्रामरीनचा हिरवा करा, थोडा मळकट येतो पण गडद बॅकग्राउंडपुढे शेवंतीची पानं तशीच दिसतात. जिथे पान चमकतं तिथे फक्त व्हिरिडियनचा (थंड हिरव्याचा) थेंब.

पांढऱ्यात नुसता झिंक व्हाइट टाळा, तो सुकून ठिसूळ होतो. फ्लेक व्हाइटमध्ये शिसं असतं, घरात लहान मुलं असतील तर नकोच. टायटॅनियम ठीक.

निशिगंध_परळ

बापरे, माझ्या ट्यूबवर खरंच पीआर 83 आहे, आत्ताच बघितलं. नवीन घेते. केळी उचलली, खाऊनही टाकली. आता शेवटचं विचारते, अशी चित्रं प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतील मुंबईत? स्क्रीनवर सावल्या कळत नाहीत. आणि मागची भिंत पार काळी करू का?

जुना_जेजे

काळी करू नका. फाँतँ-लातूर (1836–1904) या फ्रेंच चित्रकाराची फुलं बघा, मागे काहीच नसतं, नुसती राखाडी-तपकिरी भिंत, पण ती एका बाजूला उजळत गेलेली असते आणि जिथे फुलाची उजळ बाजू तिथे भिंत गडद, जिथे फुलाची सावली तिथे भिंत जरा उजळ. त्या भिंतीनेच फूल पुढे येतं. तुम्ही अंबर-अल्ट्रामरीनच्या त्याच पहिल्या थराला थोडा ऑकर आणि पांढरा घालून भिंत करा, आणि फुलांच्या कडांशी ओली असतानाच जुळवा.

बघण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, तिथे टाटांच्या संग्रहातली युरोपियन ऑइल पेंटिंग्ज आहेत. फुलांचंच चित्र पाहिजे असा हट्ट धरू नका, कापड कसं रंगवलंय, धातूवरचा उजेड किती जाड रंगात आहे आणि सावली किती पातळ, हे बाजूने तिरकं उभं राहून बघा, रंगाचा उंचवटा दिसतो. उजेड जाड, सावली पातळ, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पितळी तांब्या सोपा जातो. तिथून जहांगीर आर्ट गॅलरी अगदी जवळ आहे, तिथे कोणी ना कोणी ऑइल लावलेलं असतंच. चित्रकार स्वतः हजर असेल तर विचारा, बहुतेक जण आनंदाने सांगतात.

चित्र झाल्यावर अंबरचे भाग कोरडे, निस्तेज दिसतील, तेल खाली शोषलं जातं म्हणून. ते पूर्ण सुकलेले असतील तर तेलाचा अगदी पातळ हात देऊन कपड्याने पुसून घ्या, रंगाची खोली परत येते. फायनल वार्निश मात्र सहा महिने तरी नको, आणि या पावसाळ्यात तर नकोच, दमट हवेत वार्निशवर पांढरट झाक येते. डिसेंबर-जानेवारीतला कोरडा दिवस बघा. फ्रेम साधी लाकडी, काच लावायची नाही, आणि मागे भिंतीपासून बोटभर अंतर राहील असे कॉर्कचे तुकडे लावून घ्या म्हणजे हवा खेळती राहील.